सत्काराची बदकं

"डोळे कसे आहेत तुझे?"

हैदराबादेत खोली शोधत फिरताना मला विचारला गेलेला हा पहिला वेगळा प्रश्न. त्याआधी चिक्कडपल्लीच्या गल्ल्यांमधून मी आठवडाभर हिंडले होते आणि सगळीकडे एकच प्रश्न ऐकला होता. आडनाव काय? कुणी तेलुगूत विचारलं, कुणी हिंदीत. मराठी घरांत जरा गोड करून विचारत, "म्हणजे तुम्ही मूळचे कोण?" आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. म्हणून या बाईंच्या दारात उभी राहिले तेव्हा आडनाव मी ओठांवर तयारच ठेवलं होतं, आणि त्यांनी विचारलं ते डोळ्यांबद्दल.

मी गोंधळून म्हणाले, "चांगले आहेत. चष्मा नाही."

"समोरच्या गच्चीवर काय दिसायलंय?"

"कपडे वाळत घातलेत."

"कपडे म्हणजे?"

"एक हिरवी साडी, बनियन, लहान मुलाची चड्डी. आणि उशीचा अभ्रा. त्याची एका बाजूची शिवण उसवलीय."

"बस," त्या म्हणाल्या. "सामान घेऊन ये. भाडं महिन्याच्या महिन्याला, आणि रविवारची सकाळ माझी."

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाची. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून हैदराबादेला आले. असा प्रश्न विचारून कुणी आपल्याला घर देईल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या रात्री गच्चीवरच्या खोलीत मी बराच वेळ नुसती बसून होते. आनंदापेक्षा धक्काच जास्त होता. पुढे या बाईंनी मला इतके धक्के दिले, की हा पहिला त्यातला सर्वांत सौम्य निघाला.

सगळे भाडेकरू त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मावशी मूळच्या लातूरकडच्या. वडिलांबरोबर लहानपणी इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या तपासल्या. रक्त, थुंकी, काय काय. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग निकामी झाला. "मधलं गेलंय, कडेचं आहे," असं त्या सांगत. म्हणजे रस्ता दिसे, दाराची चौकट दिसे, समोरच्या माणसाचे खांदे दिसत. चेहरा मात्र कुणाचाच दिसत नसे. माझाही चेहरा त्यांनी कधी पाहिला नाही.

बदकांचा नाद नोकरीतच लागलेला. दिवसभर जवळचं बघून डोळे शिणतात, जरा लांबचं बघत जा, असं तिथले एक डॉक्टर म्हणाले. लांबचं म्हणून मावशी तळ्यावर जायला लागल्या आणि तिथे त्यांना बदकं भेटली. डोळे गेले तेव्हा नाद सोडायचा प्रश्नच त्यांना पडला नाही. त्यांनी डोळे असलेले भाडेकरू ठेवायला सुरुवात केली.

ते तळं शहराच्या कडेला, चिक्कडपल्लीहून बसने तासाभराच्या अंतरावर. इकडे लहान तळ्याला कुंटा म्हणतात. एका बाजूला काचेच्या उंच इमारती, दुसऱ्या बाजूला पाणकणसांचं दाट बेट, मध्ये पाणी. पहिल्या रविवारी मी काठावर उभी राहून उत्साहाने म्हणाले, "मावशी, खूप बदकं आहेत!"

"बदकं म्हणजे? माझ्या घरात राहतेस, मला 'ए माणूस' म्हणून हाक मारतेस का?"

मग शिक्षण सुरू झालं. दुर्बीण माझ्या हातात, आणि त्या शेजारी घडीच्या स्टुलावर बसून समोर तोंड करून ऐकणार. नाव घ्यायला बंदी होती. जे दिसतं ते सांगायचं, नाव त्या ठेवणार. "दवाखान्यात मी कधी रोगाचं नाव लिहिलं नाही," त्या म्हणत. "दिसलं ते लिहिलं. आधी नाव ठरवलं की डोळा खोटं बोलायला लागतो."

"चोच कशी आहे?"

"मोठी. पुढे पसरट."

"पसरट म्हणजे? उलथन्यासारखी का पळीसारखी?"

"उलथन्यासारखी. डोक्यापेक्षा चोचच मोठी वाटते. पाण्याला लावून नुसती पुढे ढकलत चाललंय."

"तो थापट्या. पुढचं."

पुढच्याच्या डोळ्यावरून मानेपर्यंत पांढरी भुवई होती. त्याच्यापुढच्याची शेपटी सुईसारखी निघालेली. असे कितीतरी. मी सांगायची आणि मावशी एकेकाला त्याचं नाव द्यायच्या. बरोबर ओळख पटली की त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान येई, जसं गावाकडच्या माणसाची ख्यालीखुशाली कळल्यावर येतं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला आलेली बदकं मला सगळीच मळकट तपकिरी दिसली. मी म्हणाले, "या वेळी नुसत्या माद्याच आल्यात."

मावशी हसल्या. "नरसुद्धा आहेत त्यांच्यात. पिसं गळून नवी येईपर्यंत नर बाईसारखाच दिसतो. थंडी वाढू दे, मग बघ कसे नटतात."

माझ्या गावचा कोंबडा बारा महिने तुरा मिरवत फिरायचा. नर असा काही दिवस मिरवणं बाजूला ठेवून राहतो, हे ऐकून मी थक्क झाले. घरी फोन करून आईलाही सांगितलं. आई म्हणाली, "आपल्याकडच्यांना कुणीतरी सांगा म्हणावं."

मावशींच्या साड्या सगळ्या चिखलाच्या, शेवाळाच्या, वाळलेल्या गवताच्या रंगाच्या. पक्षी बिचकू नयेत म्हणून आधी तळ्यावर नेसायला घेतल्या आणि मग बाकीच्या देऊन टाकल्या. भाच्याच्या लग्नालाही त्या शेवाळी साडीत उभ्या. पायात पांढऱ्या कॅनव्हासचे बूट. बाजारात कुणी हटकलं तर म्हणायच्या, "मला कुठं दिसायलंय? तुमचं तुम्ही बघा."

रोज सकाळी आंघोळ झाली की त्या देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीपुढे बसून पंचशील म्हणत. आवाज मोठा आणि स्वच्छ. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. गच्चीवर माझ्या खोलीपर्यंत ते ऐकू येई आणि मला घड्याळाची गरज लागत नसे. मटण त्या खात, पण स्वतःच्या हाताने कधी झुरळही मारलं नाही. झाडूने बाहेर ढकलून द्यायच्या आणि म्हणायच्या, "जा बाबा, शेजारी जा."

कुंट्यावरची बाकी बदकं पाहुणी. थंडीत यायची, उन्हाळ्याआधी जायची. बारमाही राहणारं एकच जोडपं होतं, हळदीकुंकू बदकाचं. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन लाल ठिपके. पूर्वी अशी पुष्कळ जोडपी तिथे होती म्हणे. काठावर इमारती आल्या तसं एकेक उठून गेलं. हे एवढं पाणकणसांच्या बेटात टिकलं होतं. कुंट्यावर पोचलं की मावशींचा पहिला प्रश्न ठरलेला, "घरचे आहेत का?" मी "आहेत" म्हटलं की मगच स्टूल उघडायचं.

"हे गेले ना," एकदा त्या म्हणाल्या, "तर पाहुणे येत राहतील, पण घर बंद झालेलं असेल."

आता सत्काराकडे येते.

काचीगुड्याला आमच्याकडच्या मराठी लोकांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष विमा कचेरीतून निवृत्त झालेले. हौशी, गोड बोलणारे, कुणाच्याही मदतीला धावणारे गृहस्थ. त्यांच्या मनात आलं, की आपल्या समाजातल्या एका बाईने एवढी वर्षं पक्षी पाहिले, तर दसरा संमेलनात तिचा सत्कार व्हावा. तोही हॉलमध्ये नको, थेट तळ्याकाठी. मावशी नाही नाही म्हणत होत्या. मीच म्हणाले, "मावशी, लोक प्रेमाने करताहेत." त्या तयार झाल्या.

काठावर छोटा मांडव, लाल गालिचा, माइक. शाल झाली, श्रीफळ झालं, अध्यक्षांचं भाषण झालं. मग ते म्हणाले, "आणि आता मॅडमसाठी एक सरप्राइज!"

टेम्पोतून झाकलेल्या टोपल्या उतरल्या. झाकणं निघाली आणि मंडळाच्या कुटुंबांनी फोटो काढत, टाळ्या वाजवत एकेक बदक पाण्यात सोडलं. पांढरीशुभ्र, गुबगुबीत, पाळीव बदकं. जुन्या शहरातल्या पक्ष्यांच्या बाजारातून आणलेली.

"तुम्हाला बदकं आवडतात ना मॅडम! आता हिवाळ्याची वाट बघायला नको. बाराही महिने बदकं!"

मावशींनी माझं मनगट धरलं. "कोण ओरडायलंय हे? सांग."

मी सांगितलं. पांढरी, पिवळी चोच, बसकी चाल. काहींच्या शेपटीवर एक पीस वर कुरळं वळलेलं. त्यांची पकड इतकी घट्ट झाली की माझा हात दुखायला लागला. कुरळं पीस म्हणजे नर, हे मला नंतर कळलं.

त्या उठल्या, चाचपत माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "परत पकडा."

लोक हसले. केवढी विनोदी बाई, असं काहीतरी कुणी म्हणालंसुद्धा.

"हसू नका. परत पकडा. आत्ताच्या आत्ता."

मांडवात पाण्यातलं फडफडणं ऐकू यायला लागलं. सत्कारमूर्तीने सत्कारातच असं बोललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. अध्यक्षांचा चेहरा पडला. शेवटी एका बाईंनी घाईघाईने आभार मानले आणि सगळे जेवायला वळले. बदकं राहिली. आठवडाभरात मंडळाने आधीच करायला दिलेली मावशींच्या नावाची पाटीही काठावर लागली.

त्यानंतर कुंट्यावर मी जे पाहिलं ते सांगायला मला अजून जड जातं. पांढऱ्यांतले तीन नर होते. ते घरच्या जोडप्यातल्या मादीच्या मागे लागले. तिघं मिळून तिला घेरायचे, एक मानेला धरायचा, दुसरा वर चढायचा आणि तिचं डोकं पाण्याखाली जायचं. तिचा नर लांबवर गोल गोल फिरत राहायचा. तो अंगाने त्यांच्या निम्माही नव्हता. मादी सुटून बेटाकडे पळाली की ते पुन्हा मागे.

मी दिसतं ते सांगत होते. सांगता सांगता मी दुर्बीण खाली घेतली. मावशी म्हणाल्या, "थांबू नको. डोकं वर आलं का?"

"आलं."

"आता?"

"पुन्हा खाली."

त्याच दिवशी आम्ही तिथून थेट काचीगुड्याला अध्यक्षांच्या घरी गेलो. मावशींनी चहा घेतला नाही. सगळं सांगितलं आणि बदकं उचलून न्या म्हणाल्या.

अध्यक्ष दुखावलेले होतेच. म्हणाले, "मॅडम, निसर्ग आहे तो. बदक ते बदक. आणि राग मानू नका, तुम्ही लोक तर समता मानणारे. माणसांत जात नको म्हणता, मग बदकांत ही घरची, ती बाहेरची, असं कशाला?"

त्या "तुम्ही लोक"ने मी पुन्हा त्या आठवडाभराच्या खोल्यांच्या दारांत जाऊन उभी राहिले. पण मावशींचा आवाज जराही चढला नाही.

"तिघं मिळून एकीला पाण्यात दाबायलेत, अध्यक्ष. ती श्वासाला वर यायला धडपडायलीय. याला समता म्हणत असाल तर बसा म्हणत."

अध्यक्षांच्या पत्नी आतून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "लोकांनी वर्गणी काढून सोडलीत. मी कसा उचलू?"

परत येताना मी म्हणाले, "बाजारात परत देऊ या ना. तोच माणूस घेईल."

"घेईल की. आणि पुढच्या सत्काराला विकेल. दुसऱ्या तळ्यात जातील. नक्को." मग बसमधून उतरताना, "करायचं ते मीच करते."

मला वाटलं, कुणा अधिकाऱ्याकडे अर्ज करतील.

पुढच्या रविवारी पहाटे मी जागी झाले ती पंचशीलाच्या आवाजाने. आणि अंथरुणातच उठून बसले. मावशींनी सुरुवात दुसऱ्या शीलापासून केली होती. मला वाटलं, माझ्या झोपेत पहिलं निसटलं असेल. पण तसं नव्हतं. खाली गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात भिजवलेले तांदूळ डब्यात भरत होत्या. शेजारी भाजीच्या मोठ्या पिशव्या.

रानातलं बदक माणसाच्या सावलीने उडतं. ही पांढरी बिचारी डबा वाजवल्याबरोबर रांगेने काठावर आली. मावशी खाली बसल्या, हातावर तांदूळ घेतले आणि ती त्यांच्या हातातून खाऊ लागली. एकेकाला त्या उचलत, बोटांनी शेपटी चाचपत. "ही बाई. हा बुवा." सगळी उचलली, नर आणि माद्या. एकही ओरडलं नाही. माझ्या पिशवीतलं एक तर वाटेत माझ्या दंडावर मान टेकून झोपलं.

बसमध्ये कंडक्टरने पिशवीतून आलेली मान पाहिली. बायकांना बस फुकट झाल्यापासून तो कंटाळलेला होता. त्याला विषयच मिळाला.

"अम्मा, ये क्या है?"

"बत्तख."

"जिंदा?"

"अब्बी तक तो हौ."

"लेडीज है क्या जेंट्स? लेडीज का फ्री. जेंट्स का टिकट लगता."

सगळी बस हसली. मावशी हसल्या नाहीत. "तीन जेंट्स," म्हणून त्यांनी पैसे पुढे केले. कंडक्टरने हात जोडले आणि तो पुढे गेला. अजूनही मला वाटत होतं, आम्ही त्यांना कुणा पाळणाऱ्याकडे नेत आहोत. चिक्कडपल्लीला उतरल्यावर मावशींनी माझ्याकडे तोंड केलं.

"आता तू वर जा. मी हाक मारेपर्यंत येऊ नको."

मागच्या अंगणात धुण्याचा दगड होता. मी गच्चीवरच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि कानांवर उशी दाबली. माझ्या गावी घरोघर कोंबड्या कापतात. रक्ताला भिणारी मी नव्हे. पण ज्या बाईने शिकवलं म्हणून मला थापट्या कळला, जी झुरळाला "जा बाबा" म्हणायची, ती खाली एकटी विळी घेऊन बसली होती आणि तिला नीट दिसतही नव्हतं.

हाक आली तेव्हा अंगण धुतलेलं होतं. मावशी म्हणाल्या, "पिसं काढायला बस. मारलं तर टाकायचं नाही." आम्ही दोघी पिसं काढत बसलो.

मग त्यांनी मला फोन लावायला सांगितला. एकेका कार्यकारिणी सदस्याला स्वतःच्या तोंडाने निमंत्रण दिलं. "सत्काराची बदकं केलीत. संध्याकाळी जेवायला या." लपवणं, फसवणं काही नाही. पलीकडून काय उत्तरं आली ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. एका बाईंचं ओरडणं मात्र फोनबाहेर मलाही ऐकू आलं. न खाणाऱ्यांसाठी वेगळ्या चुलीवर वरण, वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या.

कुणी आलं नाही. सगळं झाकून ठेवायला मी उठले तेव्हा दारात अध्यक्ष उभे होते. एकटेच. मला वाटलं, आता भांडण होणार.

ते येऊन पाटावर बसले. मावशींनी विचारलं, "काय वाढू?"

"वरण वाढा."

त्यांनी वरणात भाकरी कुस्करली आणि नुसतीच बोटं फिरवत राहिले. मग खालच्या मानेने म्हणाले, "माझ्या नातीने सोडताना त्यातल्या एकाचं नाव ठेवलं होतं."

मावशींच्या हातातला डाव थांबला. "काय?"

"लाडू."

"कोणतं ते?"

अध्यक्षांनी वर पाहिलं. "ते कसं सांगू? सगळी सारखीच होती."

एवढी वर्षं एकेका पिसावरून ओळख पटवणाऱ्या मावशींनी डाव पातेल्यात ठेवून दिला. अध्यक्षांनी ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि जाताना म्हणाले, "नातीला मी सांगितलंय, उडून गेली." मावशी पुढचे दोन-तीन दिवस तेच मांस जेवल्या. एक तुकडाही टाकला नाही. मला आग्रह केला नाही.

मंडळाने मावशींशी संबंध तोडले. पाटी उखडली गेली. गल्लीत लोक दबक्या आवाजात बोलत. मीच खोली बदलावी असं माझ्या कचेरीतल्या मैत्रिणी म्हणाल्या. मला खोली बदलायची नव्हती. पण मावशींकडे पूर्वीसारखं बघताही येत नव्हतं, हे खरं. पंचशील अजूनही दुसऱ्यापासूनच सुरू व्हायचं.

कुंटा मात्र शांत झाला. "घरचे आहेत का?" या प्रश्नाला बरेच रविवार मी "नर आहे" एवढंच उत्तर देत होते. मादी दिसत नव्हती. मावशी म्हणायच्या, "अंड्यांवर असेल." मेली असेल असं दोघींच्याही मनात होतं.

आणि एका सकाळी पाणकणसांतून ती बाहेर आली. मागे पिल्लांची ओळ. मी आनंदाने किंचाळलेच. मावशी स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या. त्या दिवसापर्यंत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"सांग. सांग लवकर."

"वरून तपकिरी. पोटाशी पिवळसर. डोळ्यावरून काळी रेघ."

"बरोबर. अगदी बरोबर. सगळी?"

मी दुर्बीण फिरवली. मागची तीन पिल्लं वेगळी होती. दोघांच्या छातीवर दूध सांडल्यासारखा मोठा फिका डाग, आणि शेवटचं तर जवळजवळ सगळंच पिवळं. दिसतं ते सांगायची मला सवयच झाली होती. मी सांगून टाकलं.

मावशींचा चेहरा मिटत गेला. त्या खाली बसल्या, बूट काढले, साडी वर खोचली.

"मावशी, काय करताय?"

"आत्ताच धरता येतील. पंख फुटले की गावभर जातील, आणि पुढे सगळीकडे अशीच भेसळ होईल. मग हळदीकुंकू नावालाही राहणार नाही."

"तिचीच आहेत ती."

"ठाऊक आहे मला कुणाची आहेत ते." असं म्हणून त्या पाण्यात उतरल्यासुद्धा.

मी काठावर खिळून उभी होते. मावशी गुडघाभर पाण्यात. मादीने त्यांना पाहिलं आणि एकदम एक पंख मोडल्यासारखा पाण्यावर आपटत ती त्यांच्या समोरून फडफडत निघाली, मला धरा म्हणून सांगत असल्यासारखी. मावशी त्या आवाजाकडे वळल्या. "काय झालं तिला? लागलं का? पिल्लं कुठायत?"

पिल्लं त्यांच्या पाठीमागून, हात मागे केला तर लागेल इतक्या जवळून चालली होती.

"अगं, कुठायत? डावीकडे का उजवीकडे, एवढं तरी सांग!"

मी बोलले नाही. आयुष्यात मला ज्यांनी आडनाव विचारल्याशिवाय घर दिलं, बघायला शिकवलं, त्या बाई पाण्यात हात पसरून मला विचारत होत्या आणि मी तोंड मिटून उभी होते. शेवटचं पिवळं पिल्लू जरा मागे पडलं, गोंधळलं, मावशींच्या साडीच्या तरंगत्या काठाला चोच लावून पुढे गेलं. मग सगळी ओळ कणसांत शिरली. मादीचा पंखही बरा झाला.

मग मी हात दिला आणि त्या वर आल्या. पाय पुसून दिले, बूट चढवले. त्यांनी साडीचा काठ पिळला.

"गेली?"

"गेली."

"तिन्ही?"

"तिन्ही."

बसथांब्यावर बसल्यावर मी म्हणाले, "मी खोली सोडू का?"

"काहून? भाडं थकवलंस का?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. बस लांबून येताना दिसत होती. मी उठून त्यांचा हात धरला. त्या उठल्या नाहीत.

"मला दिसली असती ना ती पिल्लं," त्या समोर बघत म्हणाल्या, "तर मीपण उतरले नसते पाण्यात." मग अगदी हळू आवाजात, "ती पांढरी पण नसती मारली गं. तोंड दिसलं असतं तर."